हॉर्न स्पीकरमध्ये सेंटरचा आवाज वेगळाच येतो, संवाद दबतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

होम थिएटरमध्ये हॉर्नची, म्हणजे भोंग्यासारख्या तोंडातून आवाज फेकणाऱ्या स्पीकरची, डावी-उजवी जोडी आणि मध्ये संवादांसाठी दुसऱ्याच जातीचा सेंटर स्पीकर, अशी मांडणी असली की ही तक्रार बहुतेक ठरलेली असते. "सेंटर बदला" हा सल्ला लगेच मिळतो आणि पुष्कळदा तो घाईचा असतो. पैसे खर्च करण्याआधी फुकटात होणाऱ्या बऱ्याच तपासण्या आहेत आणि पुष्कळ घरांमध्ये दोष त्यातच सापडतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तेच दृश्य, तेवढ्याच आवाजात पुन्हा ऐका. दोन बदल एकदम केले की फरक कशाने पडला ते कळत नाही.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं आहे ते आधी ठरवा:

- गाडी डावीकडून उजवीकडे जाते. कडेला असताना आवाज मोकळा आणि धारदार, मधोमध आली की अचानक बारीक किंवा मंद.
- संवादासाठी आवाज वाढवावा लागतो आणि लगेच पुढच्या मारामारीत किंवा गाण्यात तो कमी करावा लागतो.
- सोफ्याच्या मधल्या जागेवर ठीक. कडेला बसणाऱ्याला शब्द पुसट.
- पुरुषाचा आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो.
- स, श, च टोचतात, किंवा उलट ते ऐकूच येत नाहीत.
- आवाज चढवला की डावा-उजवा स्वच्छ राहतात आणि एकटा सेंटर फाटतो, किंवा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र) स्वतःहून बंद पडतो.

पहिली तीन लक्षणं जुळवणीची आहेत. घुमणं बहुधा जागेमुळे. फाटणं ताकदीच्या हिशोबामुळे. अचानक सुरू झालेला दोष, म्हणजे काल ठीक होतं आणि आज नाही, हा मात्र जुळवणीचा नसतो. तिथे थेट खालच्या वायर आणि ड्रायव्हरच्या (पेटीतल्या आवाज काढणाऱ्या घटकाच्या) भागाकडे जा.

सेंटर बंद करून ऐका

रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' असा निवडा. आता रिसीव्हर सेंटरचा सगळा आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटून देतो आणि मधल्या जागेवर बसलं की संवाद पडद्याच्या मधोमधच आल्यासारखे वाटतात. बरोबर मध्यावर बसून तेच दृश्य ऐका.

संवाद आता स्वच्छ आणि भरदार वाटले, तर दोष सेंटरमध्ये, त्याच्या जागेत किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. अजूनही दबलेलेच वाटले, तर सेंटर निर्दोष आहे. खोली, मूळ ध्वनिमुद्रण किंवा डावा-उजवा यांच्याकडे बघावं लागेल. एका मिनिटाची ही तपासणी नवा सेंटर घेण्याआधी फार कमी लोक करतात.

एकटे किंवा दोघंच सिनेमा बघत असाल आणि असं ऐकणं आवडलं, तर सेंटर न वापरणं हा पूर्ण प्रतिष्ठेचा पर्याय आहे. जुळणाऱ्या दोन हॉर्नमधून तयार झालेला मधला आवाज न जुळणाऱ्या सेंटरपेक्षा चांगला असतो. चार माणसं सोफ्यावर पसरून बसणार असतील तर मात्र सेंटर हवाच, कारण कडेला बसणाऱ्याला सगळे संवाद जवळच्या स्पीकरकडे ओढल्यासारखे वाटतात.

आवाज सेंटरपर्यंत पोचतोय का

टीव्हीच्या अ‍ॅपमधून बघत असाल तर टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट तपासा. ते 'पीसीएम' वर असलं तर बहुतेक टीव्ही रिसीव्हरला दोनच चॅनल पाठवतात. 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. रिसीव्हरच्या माहितीच्या स्क्रीनवर येणारा सिग्नल किती चॅनलचा आहे ते दिसतं. तिथे सेंटर दिसला पाहिजे.

मराठी मालिका, जुने चित्रपट आणि यूट्यूबवरचा बराच मजकूर मुळातच दोन चॅनलचा असतो. असा सिग्नल 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' मोडमध्ये लावला की सेंटर गप्पच राहणार; तो बिघडलेला नाही. 'डॉल्बी सराउंड' मोड लावला की संवाद सेंटरकडे वळतात. त्या मोडमध्ये काही रिसीव्हरवर 'सेंटर स्प्रेड' नावाचं सेटिंग असतं. ते चालू असलं तर मधला आवाज डाव्या-उजव्याकडेही पसरतो. सिनेमासाठी ते बंद ठेवा.

वायर आणि पोलॅरिटी

आधी रिसीव्हर बंद करून प्लग काढा. सेंटरची लाल वायर दोन्ही टोकांना लाल टर्मिनलवरच आहे ना, हे वायरवरची रेघ किंवा छापील अक्षरं बघत पूर्ण लांबीभर पडताळा. एक टोक उलटं असलं तर सेंटर आणि डावा-उजवा एकमेकांविरुद्ध काम करतात: प्रत्येक स्पीकर सुटा ठीक वाटतो, पण एकत्र वाजले की आवाज पोकळ होतो आणि नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

ऑटो सेटअप (रिसीव्हर मायक्रोफोनने स्पीकर मोजून स्वतः सेटिंग करतो ते) करताना रिसीव्हरने 'फेज', म्हणजे धन-ऋण जोडणी, चुकल्याचा इशारा दिला तर वायर बघा, पण वायर बरोबर असेल तर निव्वळ इशाऱ्यावरून उलटी करू नका. कित्येक स्पीकरमध्ये क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे स्वर ड्रायव्हरांत वाटणाऱ्या आतल्या सर्किटच्या) गरजेनुसार एखादा ड्रायव्हर मुद्दाम उलटा जोडलेला असतो आणि मायक्रोफोनला तोच आधी ऐकू येतो. हॉर्नच्या बाबतीत हा खोटा इशारा नेहमीचा आहे.

वूफर (खालचे स्वर वाजवणारा ड्रायव्हर) कोणत्या दिशेने हलतो ते दीड व्होल्टच्या सेलने बघता येतं. स्पीकरची वायर रिसीव्हरवरून पूर्ण सोडवा, सेलचं धन टोक लालला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवा. वूफर बाहेर आला तर ठीक. सेल धरून ठेवू नका, आणि कंप्रेशन ड्रायव्हरच्या (हॉर्नच्या मागे बसवलेल्या ड्रायव्हरच्या) टर्मिनलवर थेट तर कधीच लावू नका.

कोकणपट्टीत आणि मुंबईसारख्या दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो आणि आवाज येतो-जातो. तेवढं टोक कापून नवीन सोला. एखादा सुटा तांब्याचा केस शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, तेही बघा. रिसीव्हर स्वतःहून बंद पडण्याचं ते सगळ्यात स्वस्त कारण आहे.

रिसीव्हरमधले चार आकडे

आकार: सेंटर 'स्मॉल' ठेवा. सबवूफर असताना तो 'लार्ज' किंवा 'फुल बँड' वर असला तर खोल स्वर वाजवण्यात त्याची ताकद वाया जाते आणि संवाद गढूळ होतात.

क्रॉसओव्हर: रिसीव्हरमध्ये हा आकडा म्हणजे ज्या स्वराखालचं सगळं सबवूफरकडे जातं तो. ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे घुमण्याची तक्रार असेल तर १०० किंवा १२० करून बघा. त्याहून वर नेलं तर आवाज सबवूफरच्या कोपऱ्यातून येऊ लागतो.

अंतर: टेपने मोजा आणि रिसीव्हरच्या आकड्याशी ताडून बघा. ३० सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालतो. सबवूफरचा आकडा मात्र टेपशी जुळत नाही आणि तो तसाच सोडायचा. सेंटर मीटरभर लांब दाखवला असेल तर मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीला टेकलेला होता किंवा मध्ये टीपॉयची काच होती. मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या तिवईवर, कानाच्या उंचीला, पाठीपासून किमान वीतभर पुढे ठेवून सेटअप पुन्हा चालवा.

पातळी: सेटअपने डाव्या-उजव्याला आणि सेंटरला दिलेले डेसिबलचे आकडे कागदावर लिहून ठेवा. ताकदीचा हिशोब करताना ते लागणार आहेत. संवाद फक्त थोडे कमी वाटत असतील तर सेंटर २ ते ३ डेसिबल वाढवा. एवढ्यावर समाधान झालं तर पुढे वाचायची गरज नाही.

जागा, उंची, कोन

इथे घाई करू नका. टीव्हीच्या युनिटमधल्या खालच्या खणात, मागे ढकलून ठेवलेला सेंटर कितीही महाग असला तरी दबलेलाच वाजतो.

हॉर्न आवाजाला ठरावीक कोनात बांधून फेकतो. माहितीपत्रकात '९० × ६०' किंवा '९० × ४०' लिहिलेलं असतं: पहिला आकडा आडवा कोन, दुसरा उभा. कडेच्या त्या रेषेवर पातळी मध्याच्या मानाने ६ डेसिबलने खाली आलेली असते. उभा कोन ४० अंश म्हणजे मध्यापासून वर-खाली फक्त २० अंश. आता सेंटर जमिनीलगत, कान त्याच्या ६० सेंटिमीटर वर आणि अंतर ३ मीटर असेल, तर कान ११ अंश वर येतो. म्हणजे निम्मं कुंपण तिथेच संपलं. दोन मीटरवर बसलात तर हाच कोन १७ अंशांच्या आसपास जातो आणि वरचे स्वर स्पष्टपणे गळतात. स आणि श ऐकू न येण्याचं हे पहिलं कारण.

सेंटरच्या पुढच्या कडेखाली रबराचा किंवा लाकडाचा तुकडा सरकवून त्याचं तोंड वर करा. किती, हे ठरवायला पेटीच्या वरच्या पृष्ठभागावर डोळा लावून बघा. नजर सोफ्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर गेली पाहिजे. सेंटर टीव्हीच्या वर असेल तर हेच उलट, मागून उचलून. टीव्ही सोफ्यावरून बघायला जितका खाली चालेल तितका खाली घेणं आणि सेंटर त्याच्या अगदी लगत ठेवणं, हा सगळ्यात चांगला मार्ग.

पेटीचं तोंड फळीच्या कडेशी बरोबर किंवा बोटभर पुढे असू द्या. मागे राहिलं तर फळीवरून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि काही स्वर कापतो. चारही बाजूंनी बंद खणात ठेवणं भागच असेल तर बाजूच्या मोकळ्या जागेत कापडात गुंडाळलेले रॉकवूलचे तुकडे भरा. खण स्वतः पेटीसारखा घुमायचा थांबतो. मागे पोर्ट असलेला सेंटर असेल तर पोर्टसमोरची जागा मोकळी सोडा. फळी हलकी असेल तर पेटीखाली चार रबरी पाय लावा.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्सची फरशी असते आणि खाली ठेवलेल्या सेंटरचा आवाज तिच्यावरून उसळून येतो. सेंटर आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, काचेचा टीपॉय सरकवून बघा. वरच्या स्वरांचा टोचरेपणा यानेच पुष्कळ कमी होतो.

आणि डावा-उजवा कुठे बघताहेत? ते सरळ समोर बघत असतील तर मधल्या माणसाला त्यांच्या कडेचा, थोडा मऊ आवाज मिळतो आणि सेंटरचा मात्र थेट. मग सेंटर उगाच तिखट वाटतो. दोन्ही हॉर्न आत वळवा, त्यांच्या रेषा मधल्या माणसाच्या किंचित पुढे एकमेकींना छेदतील इतके. यात कडेला बसणाऱ्याचाही फायदा असतो: जवळच्या हॉर्नच्या तो कडेला येतो, लांबच्या हॉर्नच्या मध्यावर, आणि आवाज जवळच्या बाजूला ओढला जात नाही. हॉर्न असणाऱ्यांनी हा फायदा घेतलाच पाहिजे. साध्या घुमटाकार ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरला) तो इतका मिळत नाही.

जागेची अदलाबदल

जागा सुधारूनही रंग जुळला नाही तर सेंटर दोषी की त्याची जागा, हे असं ठरतं: सेंटरची पेटी उचलून डाव्या स्पीकरच्या शेजारी, त्याच उंचीवर, त्याच कोनात ठेवा. पेनड्राइव्हवर पिंक नॉइजची (सगळे स्वर एकत्र असलेल्या सलग खळखळाटाची) फाइल घ्या आणि रिसीव्हरमधून आळीपाळीने डाव्याला आणि सेंटरला द्या, पातळी सारखी करून. रिसीव्हरचा आतला टेस्ट टोन यासाठी वापरू नका; पुष्कळ रिसीव्हरमध्ये त्यावर दुरुस्तीचं ईक्यू (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणारं सेटिंग) लागत नाही आणि प्रत्यक्ष सिनेमात लागतं.

शेजारी-शेजारी दोघे सारखे वाजले तर पेटी ठीक आहे आणि जागेवरच अजून काम करायचं. तिथेही वेगळे वाजले तर स्पीकरच जुळत नाहीत. डावा-उजवा हलके असतील तर उलटंही करता येतं, डावा उचलून सेंटरच्या जागी. क्लिपश कंपनीच्या ला स्काला किंवा क्लिपशहॉर्नसारख्या धुडांच्या बाबतीत तो विचार सोडून द्या.

ताकदीचा हिशोब

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक व्होल्टेजवर, सहसा २.८३ व्होल्टवर, एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. ला स्कालाची १०५ डेसिबल आहे. बाजारातल्या साध्या सेंटरची बहुधा ८६ ते ९० असते. तीन डेसिबल जास्त आवाजाला दुप्पट वॅट लागतात, दहा डेसिबलला दहापट.

समजा डावा-उजवा १०५ आणि सेंटर ८९. फरक १६ डेसिबल, म्हणजे ४० पट. गोळीबाराच्या दृश्यात डाव्याने ४ वॅट घेतले तर तेवढ्याच आवाजासाठी सेंटरला १६० वॅट हवेत. घरगुती रिसीव्हर तेवढे देत नाही. म्हणून डावा-उजवा निवांत असतात आणि सेंटर फाटतो. शिवाय डेनॉन आणि मॅरँट्झच्या रिसीव्हरमध्ये चॅनलची पातळी वर-खाली १२ डेसिबल फिरते, यामाहात १०. आता तो कागद काढा. डावा-उजवा अगदी खालच्या टोकाला अडकलेले दिसले, समजा उणे १२ वर, तर खरा फरक त्याहूनही जास्त असू शकतो आणि सेटअपने तो अर्धवटच भरून काढलेला असतो. संवाद कायम कमी वाटतात ते यामुळे.

डाव्या-उजव्यात आणि सेंटरमध्ये ४-५ डेसिबलचा फरक असेल तर तो सेटिंगने भागतो. आठच्या पुढे गेला की मोठ्या आवाजात अडचण येणारच. डाव्या-उजव्याला वेगळा पॉवर अ‍ॅम्प असेल आणि त्यावर गेनचं बटण असेल तर ते खाली करून सेटअप पुन्हा चालवा. पातळी टोकाला अडकायची थांबेल. पण सेंटरला लागणारे वॅट त्याने कमी होत नाहीत.

आकडे वाचताना सावध राहा. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओमला १ वॅट, पण ४ ओमला २ वॅट. त्यामुळे ४ ओमचा सेंटर कागदावर ३ डेसिबल जास्त 'कार्यक्षम' दिसतो. काही कंपन्या खोलीच्या भिंतींची मदत धरून आकडा देतात, तो आणखी फुगलेला असतो.

हेही नीट समजून घ्या की पातळीचं सेटिंग फक्त मोठेपणा जुळवतं. आवाजाचा रंग आणि तो खोलीत कसा पसरतो, हे त्याच्या हातात नाही.

आडवा सेंटर आणि कडेची जागा

दोन वूफर आडवे, मध्ये ट्वीटर किंवा छोटा हॉर्न: बहुतेक सेंटर असेच असतात, कारण टीव्हीखाली तेच मावतं. दोष रचनेतच आहे. दोन्ही वूफर एकच स्वर वाजवतात. समोर बसलात तर दोघांचा आवाज एकदम पोचतो. कडेला बसलात तर एकाचा उशिरा पोचतो आणि ज्या स्वराची अर्धी लांबी त्या फरकाइतकी असते तो स्वर खोडला जातो.

दोन वूफरच्या मध्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर धरा. मध्यरेषेपासून ३० अंशांवर बसणाऱ्याला फरक २० सेंटिमीटरचा पडतो आणि ८६० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. २० अंशांवर तो १२५० हर्ट्झजवळ सरकतो. दोन्ही ठिकाणं बोलण्याच्या ऐन मध्यात आहेत. ईक्यूने हा खड्डा भरत नाही. भरायला गेलात तर मधल्या जागेवर तोच स्वर बोंबलतो.

तपासायला पिंक नॉइज सेंटरमधून लावा आणि सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरका. आवाजाचा रंग सुशूऽऽ असा बदलत गेला तर तोच दोष. डाव्या हॉर्नसमोर तसंच करा, फरक लगेच कळेल.

उपाय दोन. सोफा मागे घ्या, म्हणजे कडेच्या जागा कमी कोनात येतील. किंवा वेगळ्या रचनेचा सेंटर. एकाच वूफरचा, वर हॉर्न असलेला उभा स्पीकर या दोषातून आडव्या दिशेला सुटलेला असतो. तीन-वे सेंटरमध्ये मध्ये मिड (मधले स्वर वाजवणारा) आणि ट्वीटर एकावर एक असतात आणि वूफर ४००-५०० हर्ट्झलाच सोडून देतात. त्या स्वराची लांबीच इतकी मोठी की खड्डा सोफ्यावरच्या कोनांत येत नाही.

उभा बुकशेल्फ स्पीकर आडवा पाडून सेंटर करू नका. ९० × ६० चा हॉर्न मग ६० × ९० होतो: सोफ्याच्या टोकांना कमी, छताला आणि फरशीला जास्त. काही पेट्यांमध्ये हॉर्न चार स्क्रू काढून पाव फेरा फिरवता येतो. फिरवता येत असेल तरच आडवा पाडा, तरीही वूफर आणि हॉर्नमधला खड्डा आडव्या दिशेला येतो हे लक्षात ठेवून.

सेंटर बदलायचाच असेल तर

पहिली पसंती: डाव्या-उजव्यासारखाच तिसरा स्पीकर, उभा. थिएटरात पडद्यामागे तेच असतं, तीन सारखे हॉर्न आणि छिद्रांचा पडदा. घरी प्रोजेक्टर आणि छिद्रांचा पडदा असेल तर दुसरा विचारच करू नका. टीव्ही असेल तर तो किती वर जाईल ते आधी मोजा. ५५ इंची टीव्ही साधारण ६८ सेंटिमीटर उंच असतो आणि दोन फुटी स्पीकरच्या वर गेला की मान वर करून बघावं लागतं. दुकानदार सुटा स्पीकर देत नसेल तर जोडी घेऊन चौथा जपून ठेवा. पुढे ड्रायव्हर गेला तर त्याचाच भाग कामाला येतो.

दुसरी पसंती: त्याच मालिकेतला, तोच हॉर्न आणि तोच कंप्रेशन ड्रायव्हर असलेला सेंटर. पॉल क्लिपशने १९४६ मध्ये क्लिपशहॉर्न आणला. तो खोलीच्या कोपऱ्यातच बसवायचा असल्याने मोठ्या खोलीत डावा-उजवा फार लांब जात आणि मध्ये पोकळी राही. ती भरायला १९५७ मध्ये हेरेसी आला: आकाराने लहान, पण त्याच घराण्यातला. घरातला मार्ग अजूनही तोच आहे.

तिसरी पसंती दुसऱ्या कंपनीचा हॉर्न सेंटर. नाव बघू नका, तीन गोष्टी बघा: हॉर्नचा आडवा कोन, सेन्सिटिव्हिटी (३ डेसिबलच्या आत), आणि हॉर्न कोणत्या स्वरापासून काम सुरू करतो. डाव्या-उजव्याचा हॉर्न ८०० हर्ट्झपासून बोलत असेल आणि सेंटरचा २५०० पासून, तर बोलण्याचा मोठा भाग एकीकडे हॉर्नमधून आणि दुसरीकडे कागदी वूफरमधून येणार. ते कधीच सारखं वाटणार नाही.

ईक्यू आणि मोजमाप

आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यूएसबी मायक्रोफोन तेवढा विकत घ्यावा लागतो. डावा आणि सेंटर, दोन्ही मधल्या जागेवरून आणि सोफ्याच्या एका टोकावरून मोजा. ३०० ते ५००० हर्ट्झमध्ये दोन्ही रेषा ३ डेसिबलच्या आत एकमेकींजवळ असतील तर जुळवणी उत्तम. मधल्या जागेवर जवळ आणि टोकावर लांब, म्हणजे पसरण्याचा फरक. त्यावर ईक्यू चालत नाही.

ऑडिसी (आपोआप दुरुस्तीची एक यंत्रणा) असलेल्या रिसीव्हरमध्ये अ‍ॅपमधून 'मिडरेंज कॉम्पेन्सेशन' बंद करून ऐका. ते २ किलोहर्ट्झजवळ मुद्दाम थोडा उतार देतं आणि संवाद मागे गेल्यासारखे वाटतात. खालच्या स्वरांना दुरुस्ती जरूर लावा. वरच्या स्वरांत ती तिन्ही स्पीकरना लावून आणि काढून, दोन्ही ऐकून ठरवा.

हॉर्नची पातळी कमी करणं

सेंटरचा फक्त हॉर्न जास्त तिखट आहे, पसरणं ठीक आहे, हे मोजमापात दिसलं तरच हे काम. ८ ओमच्या ड्रायव्हरला ३ डेसिबल खाली आणायला २.२ ओमचा रेझिस्टर ओळीत आणि २० ओमचा ड्रायव्हरला समांतर, दोन्ही १० वॅटचे वायरवाउंड. ते क्रॉसओव्हर आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसतात; क्रॉसओव्हरला ८ ओमच दिसत राहतात, म्हणून त्याचा स्वर सरकत नाही. फक्त ओळीतला एकच रेझिस्टर लावला तर तो सरकतो. रेझिस्टर तापतात, रॉकवूल किंवा फोमला टेकू देऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ते सहज मिळतात. पेटी वॉरंटीत असेल किंवा सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे स्वतः करू नका.

ड्रायव्हर गेला आहे का, आणि कुठे थांबायचं

बंद रिसीव्हरवरून वायर सोडवून मल्टिमीटरने सेंटरच्या टर्मिनलवर ओम मोजा. ८ ओमच्या स्पीकरला ५.५ ते ६.५ च्या आसपास वाचन येतं. पण हे वाचन वूफरचं असतं. हॉर्नच्या ओळीत कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा डीसी प्रवाह अडवतो, त्यामुळे कंप्रेशन ड्रायव्हर जळालेला असला तरी टर्मिनलवर सगळं ठीकच दिसतं. त्याला मोजायचं तर त्याची एक वायर काढून थेट त्याच्यावर. वाचन आलंच नाही तर कॉइल तुटली.

वाचन बरोबर असूनही हॉर्न मंद वाजत असेल आणि स्पीकर पंचवीस-तीस वर्षांचा असेल, तर क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा सुकलेले असतात. बदलायचे तर तिन्ही पुढच्या स्पीकरचे एकदम, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे. एकट्या सेंटरचे बदलले की नवीनच फरक तयार होतो.

तंत्रज्ञाला बोलवायची वेळ कधी:

- जळका वास आला, किंवा पेटी वा रिसीव्हर हाताला चटका देतो.
- सगळे स्पीकर सोडवूनही रिसीव्हर बंद पडतो. त्याचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो.
- वूफर हाताने हलका दाबल्यावर घासतो किंवा त्याची फोमची कड भुगा होऊन गळते.
- कंप्रेशन ड्रायव्हरचा डायफ्रॅम (कंप पावणारा पातळ पडदा) बदलायचा आहे. आतली चुंबकाची फट केसाइतकी अरुंद, स्क्रूड्रायव्हर खेचला जातो आणि लोखंडाचा एक कण आत गेला तरी नवीन डायफ्रॅम खरखरतो. डायफ्रॅम बेरिलियमचा असेल आणि तुटला असेल तर त्याला हातही लावू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.
- जड हॉर्न जिप्समच्या भिंतीवर किंवा छतावर टांगायचा आहे. हे ऑडिओवाल्याचं नाही, भिंतीचं काम जाणणाऱ्याचं काम आहे.

तंत्रज्ञ आला की त्याला तो पातळीचा कागद, मीटरचं वाचन आणि सेंटर बंद केल्यावर काय ऐकू आलं ते सांगा. त्याचा पहिला तास आणि तुमचे तेवढे पैसे वाचतील. ड्रायव्हर, डायफ्रॅम किंवा कपॅसिटर बदलला गेला तर काम संपल्यावर, तो घरात असतानाच, ऑटो सेटअप पुन्हा चालवा आणि नवे आकडे जुन्यांशेजारी लिहा. सेंटरची पातळी आधीपेक्षा ३ डेसिबलहून जास्त सरकली असेल तर चुकीचा भाग बसलाय का, हे त्याच्याकडून तिथेच तपासून घ्या.